गिअर बॉक्स उतरवण्याआधी

जुनी गाडी म्हणजे कष्टकऱ्याच्या घरचे दुभते जनावर. ती दिवसभर चालली तर संध्याकाळी घरात चार पैसे येतात. उभी राहिली की किराण्याची उधारी वाढते आणि पोरांच्या वह्या पुढच्या आठवड्यावर जातात. परभणी जिल्ह्यात जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या गावांच्या रस्त्यांवर धावणाऱ्या जुन्या जीप, टेम्पो आणि तीनचाकींवर आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची चूल पेटते. या गाड्यांचे इंजिनाखालोखाल महागात पडणारे दुखणे कोणते असेल, तर ते गिअर बॉक्सचे.

इंजिन बिघडले तर धूर दिसतो, पाणी उकळते. मालकाला थोडेफार तरी कळते. गिअर बॉक्स मात्र बंद पेटी आहे. तिच्यातून आवाज येऊ लागला की मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि मिस्त्री "बॉक्स उतरवावा लागेल" म्हणाला की तो मान डोलावून उसनवारीच्या मागे लागतो. बॉक्स उतरतो, दोन बेअरिंग बदलल्या जातात, गाडी रस्त्यावर येते आणि महिन्याभरात तोच आवाज पुन्हा सुरू होतो. मग दुसऱ्यांदा मजुरी आणि दुसऱ्यांदा खाडा. हे बऱ्याच अंशी टाळता येते. दुखणे नेमके कोठे आहे, हे पुष्कळदा नुसत्या कानाने आणि पायाने ओळखता येते. त्याला पाना लागत नाही.

पेटीत काय असते?

इंजिन जोरात फिरते, पण उभी भरलेली गाडी एकदम ओढण्याइतका जोर त्याच्या अंगात नसतो. पंधरा दात्यांचे चाक तीस दात्यांच्या चाकाला फिरवू लागले की वेग निम्मा होतो आणि ओढ दुप्पट होते. गिअर बॉक्सचे सारे शास्त्र एवढ्यात आले. पेटीत वर मुख्य शाफ्ट असतो. त्याच्या खाली दुसरा शाफ्ट असतो, त्याला कारागीर काउंटर किंवा लेशाफ्ट म्हणतात. इंजिनाची ताकद पुढच्या छोट्या प्रायमरी शाफ्टवरून खाली काउंटरवर उतरते आणि हव्या त्या गिअरच्या जोडीने पुन्हा वर येऊन मागच्या चाकांकडे जाते. टॉप गिअरला मात्र हा वळसा नसतो. तीन गिअरच्या जुन्या जीपमध्ये तिसऱ्याला आणि चार गिअरच्या गाडीत बहुधा चौथ्याला प्रायमरी आणि मुख्य शाफ्ट एकमेकांत अडकून सरळ एक होतात. वाचकांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे आवाज ओळखताना ती कामाला येणार आहे.

महिंद्राने १९४७ पासून अमेरिकन विलिज जीपचे सुटे भाग मुंबईत जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या जुन्या जीपला तीन गिअरचा बॉक्स असे. त्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला सिंक्रो होता, पहिल्याला आणि रिव्हर्सला नव्हता. सिंक्रो म्हणजे पितळी रिंग. वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एकमेकांत शिरण्याआधी ती घासून त्यांचा वेग सारखा करते. ही युक्ती अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत १९२८ साली आली. आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात असताना, १९३२ साली, निजाम सरकारने सरकारी बस सुरू केल्या. त्या काळी बिनसिंक्रोचे बॉक्सच सर्रास होते आणि चालक 'डबल क्लच' मारूनच गाडी हाकत. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. जुन्या जीपला चालत्या गाडीत पहिला टाकायचा असेल तर आजही हाच मार्ग आहे. हे जमत नसेल त्याने गाडी पुरती थांबवावी आणि मग पहिला टाकावा. करकर आवाज करीत गिअर ढकलला की दर वेळी दात्यांची टोके थोडी थोडी झडतात, आणि झडलेला चुरा तेलात मिसळून बाकीच्या बेअरिंगही खातो.

कान आणि पाय

गिअर अडखळतो, पहिला आणि रिव्हर्स करकरतो, म्हणून बॉक्स उतरवायला निघालेल्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांचा दोष बॉक्समध्ये नसतोच. तो क्लचचा असतो. तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन मंद ठेवावे. क्लच पूर्ण दाबून मनातल्या मनात पाच आकडे मोजावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. एवढे थांबूनही करकर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. पेडल हाताने दाबून पाहावे. वरचा इंचभर भाग मोकळा हलला पाहिजे. त्याहून फार जास्त मोकळे असेल तर दांडी किंवा केबल आवळल्याने काम भागू शकते. मोकळीक अजिबातच नसेल तर उलटा धोका असतो. रिलीज बेअरिंग सतत टेकून राहते, प्लेट घसरते आणि जळते. प्लेटवर तेल आले असेल किंवा फ्लायव्हीलच्या मधली पायलट बेअरिंग जाम झाली असेल, तर मात्र बॉक्स मागे घ्यावाच लागेल. पण तेव्हासुद्धा बॉक्स खोलण्याची गरज असेलच असे नाही.

आता आवाजाकडे येऊ. इंजिन चालू, गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढलेला. घरघर येते आहे. क्लच दाबला आणि ती थांबली, तर दोष प्रायमरी शाफ्टच्या किंवा काउंटरच्या बेअरिंगमध्ये आहे, कारण क्लच दाबल्यावर त्या फिरायच्या थांबतात. याच्या उलट, क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग गेली. ही स्वस्त वस्तू आहे. तिच्यासाठी कोणी गिअर सेटची किंमत सांगत असेल तर तिथून गाडी काढावी.

मग गाडी चालवून पाहावी. पहिल्या, दुसऱ्या गिअरला घोंघावते आणि टॉपला आल्यावर शांत होते, असे असेल तर काउंटरकडे बोट दाखवावे. वर सांगितल्याप्रमाणे टॉपला ताकद सरळ जाते, काउंटरवर बोजा राहत नाही. एकाच गिअरला आवाज असेल तर त्याच जोडीचे दाते पाहावेत. आणि गिअर कोणताही असो, न्यूट्रलमध्ये गाडी ढळत असतानाही तोच घोंघाट येत असेल व तो गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर आधी मागे पाहावे. क्राउन-पिनियन, चाकाच्या बेअरिंग किंवा प्रोपेलर शाफ्ट यांचे ते काम असू शकते. क्लच सोडताना 'खट्ट' असा एकच ठोका येत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हाताने धरून हलवून पाहावा. क्रॉस गेलेल्या गाडीचा गिअर बॉक्स खोलल्याची उदाहरणे गॅरेजच्या ओट्यावर बसले की ऐकायला मिळतात.

गिअर उडणे हे तिसरे दुखणे. उतारावर पाय काढला की दुसरा गिअर आपोआप न्यूट्रलला येतो. चालक मग एका हाताने लिव्हर दाबून धरून गाडी चालवतो, आणि वर्षानुवर्षे तशीच चालवतो. बोजा भरलेल्या काळी-पिवळीने जिंतूरच्या डोंगराळ भागात किंवा गंगाखेडच्या पुढे बालाघाटाच्या बाजूला उतरताना गिअर उडाला तर इंजिनाचा रोध एकदम जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. गाडीत दहा जीव बसलेले असतात. म्हणून या दुखण्याला उद्यावर ढकलू नये. मात्र इथेही सुरुवात बाहेरून करावी. बॉक्स क्लच हाउसिंगला धरणारे बोल्ट सैल झाले, खालचे रबरी माउंटिंग बसले, तरी बॉक्स किंचित वाकडा होतो आणि गिअर उडतो. ते ठीक असेल तर जुन्या जीपमध्ये फ्लोअरची प्लेट काढून बॉक्सचे वरचे झाकण जागेवरच उघडता येते. त्यात शिफ्टर रॉडला जागेवर धरणाऱ्या लहान गोळ्या आणि स्प्रिंगा असतात. मोडलेली स्प्रिंग किंवा झिजलेला फोर्क इथेच सापडला तर बॉक्स उतरवण्याचा खर्च वाचला. झाकण काढण्यापूर्वी गिअर न्यूट्रलला आणावा, नाहीतर बसवताना फोर्क जागेवर जात नाहीत. हे सगळे पाहूनही गिअर उडत असेल, तर सिंक्रोच्या किंवा गिअरच्या कडेचे लहान दाते गोल झाले आहेत, अथवा शाफ्टला मागे-पुढे खेळ आला आहे असे समजावे. त्याला बॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही.

तेल आणि पाणी

इंजिनाचे ऑईल बदलण्याची सवय आपल्याला लागली आहे. गिअर ऑईल मात्र गाडी घेतली तेव्हा होते तेच, अशी स्थिती पुष्कळ गाड्यांची असते. तीन गिअरच्या जुन्या जीपच्या बॉक्समध्ये थोडेच तेल बसते. एवढ्या तेलासाठी हजारोंचा बॉक्स मारला जातो. तेल पाहण्याची रीत अशी. गाडी सपाट जागेवर, थंड असताना, बॉक्सच्या बाजूचा बोल्ट खोलावा आणि बोट आत घालावे. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत असावे. कमी नको आणि जास्तही नको. जास्त भरले तर ते फेसाळते आणि पुढच्या बाजूने झिरपून क्लच प्लेटवर जाते. तेल बदलताना आधी भरण्याचा बोल्ट सैल होतो का ते पाहावे, मगच खालचा सोडावा. खालून तेल गेले आणि वरचा बोल्ट गंजून अडकला, तर गाडी गॅरेजच्या दारातच बसते. चार चाकी ओढीच्या जीपला मागे ट्रान्स्फर केस जोडलेली असते. तेल एकातून दुसऱ्यात झिरपू शकते, म्हणून दोन्हींची पातळी एकाच वेळी पाहावी.

जुन्या जीपला बहुधा नव्वद नंबरचे गिअर ऑईल चालते. गाडीच्या पुस्तकात जे दिले असेल ते खरे. डब्यावर 'जीएल-४' किंवा 'जीएल-५' असे छापलेले असते. मागच्या डिफरन्शिअलसाठी जे कडक तेल असते, त्यातल्या गंधकयुक्त मिश्रणाने सिंक्रोच्या पितळी रिंगा झिजू शकतात. म्हणून सिंक्रोच्या बॉक्सला जीएल-४ मागावे. "दोन्हीकडे एकच चालते" असे दुकानदार म्हणाला तरी डबा उलटून वाचावा. एवढ्यासाठी तरी घरात शिकलेले पोर असावे!

जिल्ह्याचा उन्हाळा सर्वांना माहीत आहे. मे महिन्यात डांबर पायाला चिकटते, तेव्हा बॉक्समधले तेलही पातळ होते आणि जुन्या सीलमधून वाट काढते. पण खरा घात पावसाळ्यात होतो. ओढ्याला, नाल्याला पाणी आलेले असते, पलीकडे सवारी थांबलेली असते आणि चालक गाडी पाण्यात घालतो. तापलेला बॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि श्वासाच्या छिद्रातून, सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. गाडी पार होते. चालक खूश होतो. आठ-पंधरा दिवसांनी घरघर सुरू होते. पुरातून गेलेल्या गाडीचे तेल दुसऱ्याच दिवशी खालचा बोल्ट सैल करून थोडेसे काढून पाहावे. ते ताकासारखे पांढुरके दिसले तर सगळे ओतून नवे भरावे. थोडेसे तेल आणि अर्धा तास, एवढ्यावर सुटका होते. तसेच ठेवले तर बेअरिंगला गंज चढतो आणि मग पूर्ण बॉक्सच खोलावा लागतो. बॉक्सवरचे श्वासाचे छिद्रही पाहावे. काळ्या मातीचा लेप बसून ते बुजले, तर आत वाफ कोंडते आणि चांगले सीलसुद्धा गळू लागते.

काळ्या मातीचाच दुसरा प्रताप. रुतलेली गाडी काढण्यासाठी चालक पहिला-रिव्हर्स, पहिला-रिव्हर्स असे झटके देतो आणि जोराची रेस देतो. चाके गरगरत असताना गिअर उलटा टाकला की रिव्हर्सचा दाता तुटतो. तुटलेला तुकडा इतर गिअरमध्ये अडकला तर पेटी फुटण्यापर्यंत वेळ येते. चार माणसे उतरवावीत, चाकाखाली पऱ्हाट्या, दगड घालावेत आणि एकाच गिअरने मंद ओढ द्यावी.

बंद पडलेली गाडी टोचन करून आणताना फार थोडे लोक काळजी घेतात. इंजिन बंद असताना मागची चाके मुख्य शाफ्टला फिरवीत असतात, पण खालचा काउंटर स्थिर असतो. बॉक्समधले तेल वर उडवण्याचे काम हा काउंटरच करतो. तो थांबला की मुख्य शाफ्टवरच्या बुशांना तेल मिळत नाही. गंगाखेडहून परभणीपर्यंत अशी गाडी ओढत आणली तर इंजिनाच्या दुखण्यासाठी आणलेल्या गाडीचा बॉक्सही जळतो. लांबचे टोचन असेल तर प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट खोलून तो मोकळा करावा. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांनाही हेच लागू आहे, आणि त्यात ब्रेकचा धोका वेगळाच.

या सगळ्यासाठी घरात एक वही करावी. चालकाला दिवसाकाठी वेळ नसतो. घरच्या बाईने ती ठेवली तर नीट राहते. तेल कोणत्या तारखेला बदलले, किलोमीटरचा काटा किती होता, कोणता भाग कोठून घेतला, मजुरी किती दिली. पूर्णेकडच्या एका गॅरेजात एका चालकाची पत्नी अशी वही घेऊन आली होती. मिस्त्रीला तिने सरळ विचारले, "दादा, पाच महिन्यांमागं क्लच प्लेट टाकली म्हणून लिहिलंय, मंग आता बॉक्स कामून उतरवायलाव?" मिस्त्रीने वही पाहिली, पेडल दाबून पाहिले आणि आधी दांडी आवळली. त्या दिवशी गाडी संध्याकाळच्या फेरीला गेली.

घरी चेतक स्कूटर असेल तर तिच्याबद्दलही दोन शब्द. बजाजची ही स्कूटर १९७२ साली आली आणि २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणेच थांबवायचे ठरवले. तरी गावोगाव चेतक अजून चालत आहेत. तिचा गिअर हँडलच्या मुठीतून दोन केबलींनी बदलतो. मुठीवरचा आकडा एक आणि गिअर दुसराच, असे होऊ लागले की आधी केबली ताणून पाहाव्यात. केबली ठीक असून गिअर उडत असेल तर आतला गिअर क्रॉस झिजला आहे. तिच्या पेटीत पाव लिटर तीस नंबरचे ऑईल बसते, आणि क्लचही त्याच तेलात बुडालेला असतो. म्हणून जीपचे उरलेले नव्वद नंबर त्यात ओतू नये.

बॉक्स उतरवायचाच असेल तर

आधी हिशेब करावा. प्रवासी वा माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस करून घ्यावे लागते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांचे हे शुल्कही वाढले. हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला, तरी तिकडेही एमएच-२२ क्रमांकाच्या जुन्या गाड्या आढळतात. एवढ्या वयाच्या गाडीची चेसिस कुजली असेल आणि इंजिन तेल पीत असेल, तर बॉक्सवर कर्ज काढून खर्च करण्यात अर्थ नाही. अंग धड असेल तर जरूर करावा. या जुन्या बॉक्सइतकी दुरुस्तीला सोपी वस्तू आजच्या गाड्यांत मिळत नाही.

बॉक्स अंगावर पडून माणसे जायबंदी होतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे आणि चाकामागे दगड हवेतच. दुसरी गोष्ट धुळीची. जुन्या क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. हाउसिंग उघडले की मुले तोंडाने किंवा हवेच्या पाइपाने ती काळी धूळ उडवतात. ती फुप्फुसात बसते आणि वीस-तीस वर्षांनी रोग होऊन वर येते. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके फेकून द्यावे. गॅरेजात 'छोटू' म्हणून राबणारी पोरे हे काम सर्वांत जास्त करतात. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेच बंद आहे. पोराला यंत्राची आवड असेल तर दहावी होऊ द्यावी आणि आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या वर्गाला घालावे. कानाने आवाज ओळखणारा मिस्त्री आणि मायक्रोमीटर वाचता येणारा मिस्त्री या दोघांच्या मजुरीत फरक पडतो.

बॉक्स खोलताना मालकाने किंवा घरातल्या कोणी तरी समोर बसावे. भांडण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. आधी तेल स्वच्छ घमेल्यात काढायला सांगावे आणि त्यात लोहचुंबक फिरवावे. बारीक राखाडी मऊ चुरा हा झिजेचा असतो, त्याची फार चिंता नको. टोचणारे तुकडे निघाले तर दाता किंवा बेअरिंग तुटली आहे. पिवळा चकाकणारा चुरा चुंबकाला चिकटत नाही. तो सिंक्रोच्या रिंगेचा. सर्व भाग डिझेलने धुऊन काढल्याच्या क्रमाने कापडावर मांडावेत. आता मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, दर पायरीला फोटो काढून ठेवावा.

सिंक्रोची रिंग तिच्या कोनावर बसवून दाबावी. ती आणि गिअर यांच्यामध्ये फट दिसली पाहिजे. रिंग पूर्ण टेकली तर ती संपली. दात्यांच्या पाठीवर खड्डे पडले असतील तर तो गिअर आणि त्याचा जोडीदार दोन्ही बदलावेत. नवा गिअर जुन्या झिजलेल्या गिअरला जोडला की दोघांचेही जमत नाही, आवाज कायम राहतो. एकदाच्या गेलेल्या बॉक्सचा मुख्य खर्च मजुरीचा असतो. म्हणून बॉक्स उघडला आहे तोवर सर्व बेअरिंग, नीडल, ऑईल सील आणि गॅस्केट नवीन घालावीत. क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही तेव्हाच पाहून घ्यावी. पैशासाठी यातली एखादी बेअरिंग वाचवली, की महिन्याभरात दुसरी मजुरी द्यावी लागते. काउंटरच्या सुयांसारख्या नीडल ग्रीसने चिकटवून, त्यांच्या मापाच्या दांडीवर धरून बसवतात. बसवताना एक नीडल जरी आत पडली तरी नवा बॉक्स पहिल्याच फेरीत मोडतो. म्हणून त्या आधी मोजाव्यात आणि बसवल्यावर पुन्हा मोजाव्यात.

सुटे भाग नवे मिळत नाहीत, म्हणून नांदेड, छत्रपती संभाजीनगर, क्वचित मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारापर्यंत लोक जातात. जाताना जुना भाग बरोबर न्यावा. दिसायला सारख्या दोन गिअरमध्ये एका दात्याचा फरक असतो. दाते मोजावेत, शाफ्टच्या खाचा मोजाव्यात. पूर्ण जुना बॉक्स घेत असाल तर तेलाचा बोल्ट उघडून बोटाने तेल वर काढून वास घ्यावा. खराब बॉक्सचा आवाज दाबण्यासाठी त्यात लाकडाचा भुसा किंवा जाड ग्रीस भरण्याची लबाडी फार जुनी आहे. जुनी गाडी विकत घेतानाही हीच खूण पाहावी. गाडी थंड असताना चालवून पाहावी, मग अर्धा तास फिरवून पुन्हा पाहावी. भुशाची जादू तेल तापले की उतरते.

बॉक्स चढवताना त्याचे वजन क्लच प्लेटवर लोंबू देऊ नये. प्लेट वाकते आणि क्लच पहिल्या दिवसापासून अडखळतो. प्लेट मधोमध धरायला जुना प्रायमरी शाफ्ट वापरतात. हाउसिंगचे बोल्ट आडवे-तिरपे पाळीपाळीने आवळावेत. तेल भरून, गाडी उभी ठेवून, प्रत्येक गिअर चार-चार वेळा टाकून पाहावा. पहिले काही दिवस पूर्ण बोजा भरू नये. पाचशे किलोमीटर झाले की हे तेल गरम असतानाच काढावे, चुंबक पुन्हा फिरवावे आणि नवे भरावे. काढलेले तेल नालीत किंवा विहिरीकडच्या चरात न ओतता डब्यात साठवून जळके तेल घेणाऱ्याला द्यावे. आणि तारीख व काटा वहीत लिहावा.